विमानाचा एक तास, उसाचे अठ्ठावीस तास



गट ऑफिसात ऊसनोंदीच्या कामाला आलेले आपले एक जुने सभासद काम उरकल्यावरही बाकावरून उठेनात. तंबाखूची चिमूट झाली, चहा झाला, तेव्हा कुठे पोटातली गोष्ट ओठावर आली. त्यांची धाकटी लेक कुडाळला दिली आहे. तिच्या घरी बारसे होते. पाहुण्यांनी फोनवर सांगितले, "आता एस.टी.त हाडे कशाला मोडता? पुण्यातून चिपीला विमान येते, तासात पोचाल." सभासदांनी आम्हाला विचारले, "तासात पोचतो म्हणे. खरं का हो? आम्हाला भोरातून कापूरव्होळला यायला अर्धा तास लागतोय."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऑफिसात महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला आहे. आम्ही सुतळीचा तुकडा घेतला, एक टोक पुण्याच्या लोहगाववर धरले, दुसरे चिपीवर. (चिपी म्हणजे सिंधुदुर्गाचा विमानतळ, वेंगुर्ले तालुक्यात परुळ्याजवळ. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.) सुतळी ताणली आणि सगळेच पुढे वाकून बघू लागले. सुतळी बरोबर आपल्या भोर गावावरून गेली होती!

नकाशा जुना म्हणून शंका नको, यासाठी मागाहून अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला. तोही तेच सांगतो. लोहगाव आणि चिपी यांना जोडणारी सरळ रेघ भोर गावाला जवळजवळ चिकटून जाते, फरक पडला तर एखाद्या किलोमीटरचा. प्रत्यक्ष विमान अशा रेघेवरून जात नाही, त्याला आखून दिलेल्या हवाई वाटा असतात. तेव्हा उद्या कोणी आकाशाकडे बघत बसून आम्हाला दोष देऊ नये. पण रेघेपुरते बोलायचे तर भोरच्या माणसाने विमानाने कोकणात जायचे म्हणजे आधी साठ-पासष्ट किलोमीटर उत्तरेला उलटे जायचे, तिथे विमानात बसायचे आणि आपल्याच घराच्या कौलांवरून दक्षिणेला जायचे. आमचे सभासद म्हणाले, "म्हंजे शिवाजी पुलावर आलेल्यानं आधी स्वारगेटला जाऊन यायचं!" उपमा काही अगदी जुळत नाही, पण भाव कळला.

आता अंतर आणि वेळ. हा हिशेब कोणालाही करता येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. लोहगाव १८ अंश ३५ मिनिटांवर आहे, चिपी १६ अंशांच्या रेघेवर. फरक २ अंश ३५ मिनिटांचा, म्हणजे २८७ किलोमीटर. त्यात चिपी थोडे पश्चिमेला सरकलेले आहे, तो तिरकेपणा धरला की २९० च्या आतबाहेर. वैमानिक लोक किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. त्यांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि अक्षांशाच्या एका मिनिटाला एक मैल असे ते सरळ गणित असते. आपण गुंठ्यात बोलतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये, तसाच प्रकार.

ह्या मार्गावर गोव्याच्या 'फ्लाय ९१' ह्या कंपनीने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विमान सुरू केले, सुरुवातीला आठवड्यातल्या ठराविक वारी. विमान ए.टी.आर. ७२ जातीचे, म्हणजे दोन्ही पंखांवर पंखे फिरणारे, सत्तरेक माणसांचे. हे विमान वर गेले की ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. मग २९० किलोमीटरला किती वेळ? पस्तीस मिनिटे. पण वेळापत्रकात प्रवास दाखवला होता तासाहून पाचेक मिनिटे जास्त. मधली तीस मिनिटे गेली कुठे?

ती गेली दोन्ही टोकांना. विमानाची वेळ हवेत उडाल्यापासून मोजत नाहीत. चाकाखालची अडसरे काढून विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि मुक्कामी जागेवर थांबले की बंद होते. लोहगावचा तळ मूळचा हवाई दलाचा, तिथे लढाऊ विमानांचीही ये-जा असते. धावपट्टीशी आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. ती धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. जायचे दक्षिणेला, पण उडायचे पूर्वेला किंवा पश्चिमेला, मग वळायचे. वर चढताना वेग कमी असतो, उतरायचेही पुष्कळ आधीपासून सुरू करावे लागते. म्हणजे पूर्ण वेगाची दौड अशी मधल्या तुकड्यातच. दिल्लीसारख्या लांबच्या प्रवासात टोकांची ही अर्ध्या तासाची खोट लपून जाते. जवळच्या दोन गावांत तीच खोट निम्म्याला निम्मी होऊन बसते.

केंद्र सरकारने २०१६ साली लहान गावांच्या विमानसेवेसाठी 'उडान' योजना आणली. तिच्यातही एक तास म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर असेच माप धरले होते आणि तेवढ्याला काही जागांचे भाडे २,५०० रुपयांच्या मर्यादेत बांधले होते. योजना चांगलीच. जळगाव, नांदेड, कोल्हापूर अशा गावांना तिने विमाने दाखवली. कोल्हापूरचे तर विशेष. उजळाईवाडीचा तळ राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेला, पण नियमित विमानासाठी त्या गावाने किती वर्षे वाट पाहिली हे तिथल्या माणसांना विचारावे. पण आपल्याला कोल्हापूरला विमानाचा उपयोग नाही. पुणे-कोल्हापूर सरळ रेघ २१५ किलोमीटरची, आणि शिरवळहून चौपदरी रस्त्याने कोल्हापूर पावणेदोनशे-एकशेनव्वद. लोहगावला पोचून रांगेत उभे राहीपर्यंत आपली जीप कऱ्हाड ओलांडून गेलेली असेल.

तर कुडाळचा हिशेब आम्ही त्या सभासदांसमोर कागदावर मांडला. भोर ते लोहगाव, खेड-शिवापूर, कात्रज आणि पुण्याची गर्दी धरून अडीच तास. विमान सुटण्याआधी किमान दीड तास तिथे हजर. खिडकी तासभर आधी बंद होते आणि मग हातापाया पडून उपयोग नाही. विमानात एक तास पाच मिनिटे. उतरून पिशवी मिळेपर्यंत वीस मिनिटे. चिपीहून कुडाळ पाऊण तास. झाले सहा तास दहा मिनिटे. रस्त्याने भोरहून शिरवळ, कोल्हापूर, पुढे घाट उतरून कुडाळ सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात, वाटेत जेवण धरून आठ तास. फरक पावणेदोन तासांचा. पुण्यात विमाननगरला राहणाऱ्या माणसाला मात्र तेच विमान चार-पाच तास वाचवून देते. विमान तेच, तिकीट तेच, तास तोच. घर कुठे आहे त्यावर सगळे.

वरंध घाटाने महाडला उतरून जायचे काय, असेही कोणी विचारील. अंतरात फारशी बचत नाही, आणि पावसाळ्यात तो घाट कधी बंद होईल याचा नेम नाही.

एवढे वाचून काही सभासद म्हणतील, मुखपत्रात उसाचे सोडून विमानाचे काय चालवले आहे! तर सांगतो. विमानाच्या ह्या सुतळीने आपला ऊसही बांधलेला आहे.

साखर कारखान्यांच्या कायद्यात 'हवाई अंतर' हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. त्यात २००६ साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांत कमीत कमी १५ किलोमीटर अंतर हवे अशी अट आली, आणि राज्याला ते वाढवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. हे अंतर रस्त्याने मोजत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे ज्यांनी आपल्या डोंगरांची उंची मोजली ते देहरादूनचे खाते, सरळ रेषेत मोजून दाखला देते. ही अट असावी की नसावी यावर दोन मते आहेत. रंगराजन समितीने २०१२ साली अट काढून टाका असे सुचवले होते. काही शेतकरी संघटनाही म्हणतात की दोन कारखाने जवळ आले तर भावाची चढाओढ होईल. कारखानदारी सांभाळणारे म्हणतात, ऊस पुरणार नाही, दोघेही बुडतील. त्या वादात आज शिरत नाही. आम्हाला दिसते ती गोष्ट वेगळी आहे.

पंचवीस किलोमीटरची त्रिज्या घेऊन वर्तुळ काढले तर आत १,९६३ चौरस किलोमीटर येतात. सपाटीवरच्या, कालव्याखालच्या कारखान्याचे वर्तुळ काढा, आत मळेच मळे दिसतील. आपल्या मुलखात तेच वर्तुळ काढा. आत राजगड येतो. डोंगराच्या सोंडा येतात, वनखात्याची हद्द येते. भाटघरचे पाणी येते. वेल्ह्याची भातखाचरे येतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली मंत्रिमंडळाने घेतला, जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच लिहितो.) कागदावर आपलेही वर्तुळ तेवढेच मोठे. उसाचे रान त्यात किती, ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि वर्तुळाच्या आतले गाव म्हणजे जवळचे गाव असेही नाही. भोर ते वेल्हे सरळ रेघ अठ्ठावीस किलोमीटरच्या आत आहे. गाडीने जा, कापूरव्होळ, चेलाडी फाटा, नसरापूर करून पन्नासच्या आसपास भरते. राजगड आणि तोरणा घ्या. एका गडावरून दुसरा हाताला लागेल असा दिसतो, सरळ अंतर सातेक किलोमीटर. डोंगरधारेने चालणाऱ्या पोराला मात्र अख्खा दिवस लागतो आणि संध्याकाळी पाय सुजतात. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. वेळवंडी नदीचे पाणी तुंबले आणि समोरासमोरची गावे एकमेकांना परकी झाली. पलीकडच्या काठावर कोणाच्या अंगणात चूल पेटली तर धूर दिसतो, आणि तिकडे जायचे तर पाण्याला वळसा घालून जावे लागते. इंग्रजांनी ह्या पाण्याचा उपयोग खालच्या नीरा कालव्यांना केला, बारामतीकडचा ऊस त्यावर उभा राहिला. वळसा राहिला वरच्या माणसांना. येसाजी कंक यांचे नाव जलाशयाला मिळाले हे योग्यच झाले, तेही ह्याच खोऱ्यातले. पण वळसा काही कमी झाला नाही.

तेव्हा हवाई अंतर कायद्याला पुरते. ट्रॉलीला पुरत नाही. ट्रॉली रस्त्याने येते आणि तिचे भाडे रस्त्याच्या किलोमीटरने होते. एफ.आर.पी.मधून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरते ते आपल्या हातात पडते. लांबच्या उसाची वाहतूक सरासरीत धरली की जवळच्या सभासदाला ती बोचते, आणि टप्पे पाडून आकारली की डोंगरातला सभासद म्हणतो, आम्ही धरणाला जमिनी दिल्या, आता वळशाचे पैसेही आम्हीच द्यायचे का? दोघांचेही खरे आहे. टप्प्याने आकारणीची मागणी राज्यात जुनी आहे. आमचे मत विचाराल तर टप्पे पाडताना निदान पाण्याच्या वळशाची गावे वेगळी धरावीत. हे आमचे मत, संचालक मंडळाचे नव्हे.

पण त्या दिवशी विमानाचा हिशेब मांडता मांडता आमच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. आपण भांडतो किलोमीटरवरून, आणि नुकसान होते टोकांना.

गेल्या एका हंगामात आम्ही हौसेने एका खेपेची वेळ वहीत टिपून ठेवली होती. मार्गासनीकडचा खोडवा ऊस, अंतर पंचवीसेक किलोमीटर. सकाळी सातला टोळीने फडाला कोयता लावला. मोळ्या बांधून ट्रॉली भरायला दुपारचे साडेतीन वाजले. मुकादमाकडे दोन कोयते कमी होते आणि ट्रॅक्टर आधी दुसऱ्या फडात अडकलेला. साडेतीनला निघालेली ट्रॉली पाचला यार्डात आली. दीड तास. मध्ये एकदा दोरखंड आवळायला थांबले तेवढेच. यार्डात नंबर लागला आणि तिथे ट्रॉली उभी राहिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पोते अंथरून झोपला. अकराला काटा झाला, लगेच गव्हाण. कोयता लागल्यापासून काटा होईपर्यंत अठ्ठावीस तास, आणि त्यात चाके फिरली दीड तास!

विमानाचे सहा तास दहा मिनिटे आणि त्यातली पूर्ण वेगाची दौड अर्ध्या तासाची. उसाचे अठ्ठावीस तास आणि त्यातले चालणे दीड तासाचे. रस्ता डांबरी करून, नवा पूल बांधून आपण त्या दीड तासाचा सव्वा तास करू. करायलाच हवा. पण उरलेले साडेसव्वीस तास तसेच राहतील.

माणूस विमानतळावर बसून राहिला तर फार तर कंटाळतो. ऊस बसून राहिला तर वाळतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असे शेतकी खाते आपल्याला नेहमी सांगते, त्याचे कारण हेच. पाणी उडते, वजन घटते, आणि वजन काट्यावर होत असल्याने ती घट सरळ उत्पादकाच्या पदरात. त्यापुढे कांड्यातली साखर मोडून तिचे रूप बदलू लागते. ही बदललेली साखर दाणा धरत नाही, मळीत जाते. ऊन जास्त तसे हे लवकर होते. फेब्रुवारी-मार्चचा ऊस म्हणूनच डिसेंबरपेक्षा नाजूक. उतारा घटला की फटका एकाला बसत नाही, कारण उतारा कारखान्याचा मोजतात, फडाचा नव्हे.

पैशात सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. उतारा ह्या पातळीच्या वर असताना केवळ शिळ्या उसामुळे ०.२ टक्के हुकला तर टनामागे ६९ रुपये २० पैसे गेले. तीन लाख टन गाळणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या सभासदांचे मिळून दोन कोटी सात लाख साठ हजार. यार्डात उभ्या असलेल्या ट्रॉल्यांकडे बघताना हा आकडा कोणाला दिसत नाही.

यात दोष कोणाचा? यार्डात गाड्या तुंबतात त्या गव्हाण बंद पडली म्हणून, तशा एकाच दिवशी चार गटांतून जादा तोड सुटली म्हणूनही. तोडीचा कार्यक्रम शेतकी खात्याने पाळावा हे तर आहेच. पण आपण सभासदही साधे नाही. तोडीची चिठ्ठी आधी मिळावी म्हणून चिटबॉयला चहा पाजणारे आपणच, आणि मग सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम सुटल्या की रात्रभर नंबरात बसणारेही आपणच. विमानतळावर निदान एक बरे असते, विमानात जागा असतील तितकीच माणसे बोलावतात. आपल्याकडे जागा एक आणि बोलावणे पाचांना.

म्हणून एक विनंती. ह्या हंगामात ज्यांचा ऊस जाईल त्यांनी चार वेळा लिहून ठेवाव्यात : कोयता लागला ती, ट्रॉली फडातून हलली ती, यार्डात आली ती आणि काटा झाला ती. काट्याची वेळ पावतीवर असते, बाकीच्या तीन आपण लिहायच्या. चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिल्या तरी चालेल. त्या गट ऑफिसात आणून द्या. पुढील वार्षिक सभेच्या आधी आपण त्या एकत्र मांडू. किलोमीटरच्या भांडणात रस्ता किती खातो, फड किती खातो आणि यार्ड किती खाते हे एकदा समोर आलेले बरे. लांबच्या गावांनी तर जरूर द्याव्यात, कारण त्यांच्या उसाला वाळायला आधीच जादा वाट आहे.

आता विमानतळाचे बोललोच आहोत तर पुरंदरचे नाव निघणारच. लोहगावला पर्याय म्हणून आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ करण्याचे सरकारने योजले आणि त्या गावांतल्या शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो झाला तर भोरच्या माणसाला कात्रजची गर्दी टळेल, आमच्या कागदावरचे अडीच तास बरेच खाली येतील. पण धरणात गेलेली गावे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या सात गावांकडे बोट दाखवून "आमचा तास वाचतो" असे म्हणवत नाही. अंजीर-सीताफळाची ती राने कोणाच्या घाईसाठी जायची, हे ठरवताना घाई कोणाची किती आहे तेही वहीत टिपावे.

राहता राहिले आपले सभासद. कागद बघून ते म्हणाले, पावणेदोन तास वाचतात ते काही वाईट नाही, म्हातारीचे गुडघे दुखतात. तिकीट काढायचे जवळजवळ ठरले. मग सामानाचा विषय निघाला. विमानात माणसामागे सहसा पंधरा किलोच न्यायला मिळते म्हटल्यावर ते गप्प झाले. लेकीसाठी इंद्रायणीचे दोन कट्टे भरून ठेवलेले होते, पंचवीस पंचवीस किलोचे. शिवाय घरचा गूळ.

"जीपनंच जातो," म्हणाले आणि उठले.